कुजबुजणारा क्वार्टरबॅक

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात एलमोरमध्ये ऊन असं तापतं, की लाल माती भाजलेल्या विटेसारखी टणक होते. नेमके तेव्हाच हेरन्सवाले, म्हणजे अमेरिकन फुटबॉलचा मोठा धंदेवाईक संघ, सरावाच्या शिबिरासाठी गावात येतात. कॉलेजची पोरं सुट्टीला घरी गेलेली असतात, त्यांच्या खोल्यांत हे रेड्यासारखे धिप्पाड खेळाडू उतरतात, आणि मग शिबिर संपेपर्यंत गावाला दुसरं काही सुचत नाही. न्हाव्याच्या खुर्चीत, पेट्रोल पंपावर, चर्चच्या पायऱ्यांवर एकच वाद चालतो, यंदा क्वार्टरबॅक कोण होणार.

थोरल्या बायकांना इथे आदराने मिस म्हणतात. मिस अर्नेस्टीन गॅड्सडेन या वादात कधी पडली नव्हती. माउंट हेब्रन चर्चच्या बायकांबरोबर ती दरवर्षी मैदानाबाहेर तळलेले मासे विकायची. या मातीत लोळून आलेल्या पांढऱ्या विजारी ज्या बाईला धुवाव्या लागत असतील तिच्या वाट्याचं पाप तरी काय, एवढंच ती खेळाबद्दल बोलायची. पण यंदा त्या विजारींपैकी एक तिच्या घरची होती. तिच्या मुलीचा मुलगा थॅडियस, ज्याला तिने दुधाच्या दातांपासून वाढवलं होतं, तो हेरन्सच्या शिबिरात होता. आणि तोही क्वार्टरबॅक म्हणून.

तेव्हापासून मैदानाच्या गवताळ उतारावर, अगदी पहिल्या रांगेत, मिस अर्नेस्टीनची घडीची खुर्ची सकाळपासून मांडलेली असे. दवंडी पिटली नव्हती, पण त्या जागेवर दुसरं कोणी बसायला धजत नसे. एका पाहुण्या माणसाने एकदा चुकून आपली पिशवी तिथे ठेवली होती. मिस अर्नेस्टीनने ती उचलली, त्याच्या मांडीवर ठेवली, आणि तुझ्या आईने तुला बसायला शिकवलं पण कुठे ते सांगायचं राहिलं वाटतं, असं विचारलं. माणूस उठून थेट झाडाखाली गेला.

हेरन्सकडे यंदा तीन क्वार्टरबॅक होते. पहिला ग्रेडी लॅसिटर, जुनं खोड. त्याचं कोपर दुखरं होतं, तरी ते चालतंय तोवर पहिली जागा त्याचीच. भांडण होतं दुसऱ्या जागेचं, कारण लॅसिटरचं कोपर कधी दगा देईल याचा नेम नव्हता, आणि ज्या दिवशी देईल त्या दिवशी सगळा संघ त्या दुसऱ्याच्या हातात जाणार. त्या जागेसाठी दोघं. एक कोल्बी रेनफ्रो, चार संघांचं पाणी पिऊन आलेला, नगाऱ्यासारख्या आवाजाचा. दुसरा थॅडियस, लहानशा कॉलेजात खेळलेला. त्याला कुठल्याच संघाने निवडलं नव्हतं, हेरन्सनी नुसतं बघू तरी म्हणून बोलावलं होतं. शिबिर संपताना दोघांतल्या एकालाच ठेवणार होते. उरलेल्याने बॅग भरायची आणि घरी जायचं.

थॅडियसच्या हाताबद्दल कोणाचंच दुमत नव्हतं. त्याने फेकलेला चेंडू धावणाऱ्या गड्याच्या ओंजळीत असा उतरायचा, जसं झोपलेलं मूल कोणी पाळण्यात ठेवावं. अडत होतं ते गळ्याशी.

क्वार्टरबॅकचं अर्धं काम हाताचं आणि अर्धं तोंडाचं. पुढे आपले पाच पहाडासारखे गडी ओणवे उभे असतात. त्यांच्या मधला, ज्याला सेंटर म्हणतात, तो दोन पायांमधून चेंडू मागे देतो. पण कधी द्यायचा हे क्वार्टरबॅक मागून ओरडून सांगतो. आकडे ओरडतो, रंग ओरडतो, आणि ‘हट’ या ठरलेल्या हाकेला सगळे एकदम उसळतात. एखादा आधी हलला की शिट्टी, आणि संघाला पाच यार्ड मागे ढकलतात. थॅडियस ओरडायचा तेव्हा कडेचे दोघे मान वळवून एकमेकांना विचारायचे, काय म्हणाला? तोवर चेंडू गेलेला असायचा.

दुसऱ्या आठवड्यात गावच्या पेपरात ते छापून आलं. मिस अर्नेस्टीनची मैत्रीण व्हर्डेल चष्मा नाकावर घेऊन उतारावर मोठ्याने वाचायला लागली. पोराचा हात सोन्याचा आहे, पण तो बोलतो असा की जणू शेजारच्या खोलीत मयत ठेवलंय. क्वार्टरबॅकच्या जागेचं भविष्य विचाराल तर सध्या रेनफ्रो पुढे.

व्हर्डेल थांबली. मिस अर्नेस्टीन हातातल्या पुठ्ठ्याच्या पंख्याने वारा घेत राहिली.

“लिहिणाऱ्याचं नाव वाच,” ती म्हणाली.

व्हर्डेलने वाचलं.

“याची आजी मला माहीत होती. तीही अशीच, बाजारात बोलायची तर गावाच्या वेशीपर्यंत ऐकू जायचं. माझ्या पोराला वळण आहे, म्हणून यांच्या पोटात दुखतंय.”

बोलायला बोलली, पण ते वाक्य तिच्या आत काट्यासारखं रुतलं. कारण थॅडियसचा आवाज खाली कोणी आणला हे सगळ्या एलमोरला ठाऊक होतं. तिनेच आणला होता.

माउंट हेब्रनच्या अशर मंडळाची ती अध्यक्ष होती. रविवारी पांढरा पोशाख आणि पांढरे हातमोजे घालून दारात, रांगांच्या मध्ये उभं राहायचं, माणसांना जागा दाखवायची, उकाड्यात पंखे वाटायचे, कोणाला प्रार्थनेत भरून आलं की पाणी द्यायचं, हे अशरांचं काम. आणि हे सगळं एक शब्द न बोलता. पास्टर बोलत असताना अशरचं तोंड उघडलं तर मिस अर्नेस्टीन त्याला पुढचा महिनाभर दाराबाहेर गाड्या लावायला पाठवायची. सगळं बोलणं हातांनी. डावा हात पाठीवर मुडपून ठेवला म्हणजे मी तयार आहे. हात पुढे करून तळवा आभाळाकडे केला म्हणजे पंखे आणा. हात उंच करून तळवा लोकांकडे केला म्हणजे शांत बसा. एक बोट छातीवर ठेवलं म्हणजे इथे एक जागा आहे. आणि सगळ्यांनी मिळून चालायचं असलं की पुढची अशर हात खाली सोडते, मग सगळ्यांनी मनात एक श्वास घ्यायचा, आणि मगच पहिलं पाऊल. हात, श्वास, पाऊल. बारा जणी असल्या तरी बूट एकच वाजला पाहिजे.

थॅडियस चिमुकले हातमोजे घालून दारात उभा राहायला लागला तेव्हा त्याला बुटांची नाडी बांधता येत नव्हती. देवाच्या घरात आणि माझ्या घरात आवाज चढवायचा नाही, हे त्याने तेव्हाच जे गाठीशी बांधलं ते बांधलंच.

रविवारी खेळाडूंना सुट्टी असते. थॅडियस चर्चला आला आणि त्याच्याबरोबर लेरॉय पिंकनी आला. पिंकनी म्हणजे संघाचा सेंटर, बारा वर्षं मुरलेला, दारातून आत यायचं तर त्याला तिरकं व्हावं लागे. त्या दिवशी एक अशर आजारी होती, म्हणून मिस अर्नेस्टीनने थॅडियसपुढे पांढरे हातमोजे धरले. नको म्हणायची त्याची काय बिशाद. पिंकनीने सगळी प्रार्थना बाकावर बसून पाहिली, आणि बाकाने ती सोसली.

मग जेवण. कोंबडी, भेंडी, कॉर्नब्रेड, पालेभाजी, आणि पीचचा पाय, म्हणजे फळं भरून भाजलेला गोड पदार्थ. पिंकनीने तिसऱ्यांदा ताट भरलं, समाधानाने तोंड पुसलं, आणि ज्या विषयावर कोणी बोलू नये असं मिस अर्नेस्टीनने डोळ्यांनीच बजावलं होतं तिथेच बोट ठेवलं.

“मिस अर्नेस्टीन, खोटं बोलून तुमचं जेवण पचायचं नाही, म्हणून सांगतो. देवाने याला हात दिला तो खास बसून घडवलेला. पण गळा द्यायची वेळ आली तेव्हा देव जेवायला उठला असावा.”

थॅडियस हसला. मिस अर्नेस्टीनने पायचा एक तुकडा कापला, तोही इतका बारीक की त्यातून पलीकडचं ताट दिसावं, आणि तो पिंकनीपुढे ठेवला.

“देव उठला नव्हता,” ती म्हणाली. “मी होते तिथे. मला काय माहीत हा मोठा होऊन बहिऱ्यांच्या फळीमागे उभा राहणार आहे.”

पण तिने ठरवलं. जे आपण खाली आणलं ते आपणच वर चढवू. जेवणाची ताटं तशीच टाकून तिने दोघांना चर्चमागच्या मोकळ्या रानात नेलं. पिंकनीला पार दुसऱ्या टोकाला पाइनच्या झाडाखाली उभं केलं आणि ऐकू आलं की हात वर कर म्हणून सांगितलं. मग ती नातवाकडे वळली आणि म्हणाली, ओरड.

थॅडियस ओरडला. झाडाखालचा पिंकनी पोट खाजवत उभा राहिला.

अजून जोरात, ती म्हणाली. पोटातून काढ. मांजरीला दूध प्यायला बोलावतोयस की काय. थॅडियसने मान ताठ केली, डोळे मिटले आणि पुन्हा ओरडला. दूरवर एक कुत्रं तेवढं भुंकलं. मिस अर्नेस्टीनने मग स्वतः ओरडून दाखवलं. पिंकनीने दोन्ही हात वर केले, आणि शेजारच्या घरातून एक बाई काय झालं म्हणून बाहेर आली. दुपार कलेपर्यंत हे चाललं. शेवटी पिंकनीचा हात दोनदा वर गेला, आणि मिस अर्नेस्टीन खूश होऊन घरी परतली.

सोमवारी थॅडियसच्या गळ्यातून आवाजच निघेना. जो निघत होता तो असा, की पावसाळी डबक्याकाठी ऐकावा. पलीकडच्या फळीतले गडी बेडकासारखे डराव डराव करायला लागले. सरावात क्वार्टरबॅकच्या अंगाला कोणी हात लावत नाही, त्यासाठीच त्याला लाल जर्सी देतात, पण हसण्यापासून वाचवणारी जर्सी अजून निघालेली नाही. थॅडियसच्या हातून दोनदा चेंडू निसटला. मुख्य प्रशिक्षक हचिन्सनी त्याला कडेला बसवलं आणि रेनफ्रोला आत पाठवलं. रेनफ्रोचा आवाज टेकडीपलीकडे गेला.

सराव संपल्यावर थॅडियस कुंपणापाशी आला. लोक सह्या घ्यायला दुसऱ्यांकडे धावत होते, त्याच्याकडे कोणी आलं नाही. मिस अर्नेस्टीनने सोबत आणलेला बर्फाचा चहा पुढे केला. तो त्याने घेतला नाही.

“आजी, शनिवारी येऊ नकोस.”

शनिवारी संघातल्या संघात मोठा सामना होता, आणि त्यानंतर कोण राहणार कोण जाणार ते ठरणार, असं गावभर झालं होतं.

“का?” तिने विचारलं.

“तू समोर दिसलीस की वाटतं, ओरडलंच पाहिजे. आणि ओरडायला गेलो की हातातलं सगळं विसरतो.” एवढं बोलायलाही त्याला दोनदा थांबावं लागलं. “रागावू नकोस.”

मिस अर्नेस्टीन रागावली नाही, आणि तेच वाईट होतं. राग आला असता तर तो तिने कोणावर तरी काढला असता. ती खुर्ची घडी करून चालू लागली, आणि व्हर्डेलने मागून विचारलं तर गुडघे दुखतात म्हणाली.

मंगळवारी पहिल्या रांगेतली जागा रिकामी राहिली. बुधवारीही. तिथे अजूनही कोणी बसलं नाही. मिस अर्नेस्टीन घरी बसून भेंड्या चिरत राहिली, पडदे धुतले, धुतलेले पुन्हा धुतले. व्हर्डेल रोज संध्याकाळी पोर्चवर येऊन बातम्या सांगायची. रेनफ्रो आता दुसऱ्या तुकडीबरोबर खेळतोय. थॅडियसला शेवटी थोडा वेळ मिळतो. गळा अजून बसलेलाच आहे, सगळं खुणांनीच चाललंय. पिंकनी आणि तो सराव सुटल्यावर काहीतरी करत बसतात, कॉलेजच्या ओसरीत, चेंडू घेऊन, तोंडातून शब्द न काढता. त्यांच्या मजल्यावर साफसफाई करणाऱ्या बाईने पाहिलं म्हणे, तिला वाटलं उन्हाने दोघांची डोकी फिरली.

“चेंडू मागे देतो, पुन्हा घेतो, मागे देतो,” व्हर्डेल म्हणाली. “एवढा मोठा माणूस ओणवा.”

मिस अर्नेस्टीनने भेंडी चिरता चिरता विचारलं, थॅडियसचा डावा हात कुठे होता. व्हर्डेलला ते माहीत नव्हतं. काय बाई प्रश्न, असं म्हणून तिने शेंगदाण्याची फोलं पोर्चखाली फेकली.

शनिवारी मिस अर्नेस्टीन गेली नाही. म्हणजे सामना बघायला गेली नाही. पण अशर मंडळाचा माशांचा स्टॉल उताराच्या माथ्यावरच होता आणि मंडळाच्या अध्यक्षेने तळणीशी नसावं हे काही बरोबर दिसलं नसतं, असं तिने स्वतःला समजावलं. तिने व्हर्डेलची मोठ्या काठाची टोपी घातली, आपली ओळखीची जांभळी घरी ठेवली, आणि तेलाच्या कढईमागे उभी राहिली. तिथून मैदान सगळं दिसत होतं. वास तेवढा माशांचा.

उतारावर मुंगी शिरायला जागा नव्हती. मैदानाच्या कडेला गाडीएवढे भोंगे आणून ठेवले होते. पुढच्या आठवड्यातला पहिला सामना परगावी, छत असलेल्या मैदानात होता, आणि तिथले लोक पाहुण्या संघाला स्वतःचा श्वास ऐकू देत नाहीत अशी त्यांची ख्याती. म्हणून हचिन्स गर्दीचा कोलाहल भोंग्यांवर लावून खेळवणार होते. भोंगे सुरू झाले तेव्हा कढईतलं तेलसुद्धा थरथरलं. मुलांनी कानांवर हात ठेवले.

लॅसिटर थोडा खेळला आणि कोपराला बर्फ लावून बसला. रेनफ्रो आत आला. त्याने छाती भरून आरोळी ठोकली, आणि त्या कोलाहलात ती पाण्यात खडा पडावा तशी बुडाली. जवळच्या दोघांनी ऐकली ते उसळले, कडेच्यांनी ऐकली नाही ते ओणवेच. शिट्टी, पाच यार्ड मागे. पुन्हा आरोळी, पुन्हा शिट्टी. हचिन्सनी हातांनी खूण केली, आवाज सोड, पायाने इशारा दे. रेनफ्रोने पाय उचलला, पण सवयीने ओरडलाही. निम्मी फळी पायावर हलली, निम्मी हाकेवर. तिसरी शिट्टी. रेनफ्रोने हेल्मेट काढून जमिनीवर आपटलं. वाईट गडी नव्हता तो. त्याच्याजवळ होतं ते सगळं त्याने घातलं होतं, आणि आज ते चालत नव्हतं.

मग हचिन्सनी थॅडियसकडे बोट केलं. पिंकनी बाहेर जायला निघाला होता, त्याची पाळी संपली होती. तो अर्ध्या वाटेत थांबला, हचिन्सपाशी जाऊन काहीतरी बोलला, आणि परत येऊन, फळीतल्या चौघांना हातांनी काही समजावून, ओणवा झाला.

थॅडियस त्याच्यामागे उभा राहिला. आणि मिस अर्नेस्टीनच्या हातातला झारा तिथेच थांबला.

त्याचा डावा हात पाठीवर होता. मुडपलेला, मूठ कमरेच्या मध्यावर, कोपर अंगाला चिकटलेलं. उजवा हात छातीशी. पाय जुळलेले नव्हते एवढाच फरक, बाकी तो माउंट हेब्रनच्या मधल्या वाटेवर उभा असता तर त्याचे हातमोजे स्वच्छ आहेत का, एवढंच तिने बघितलं असतं. पिंकनी दोन पायांमधून उलटा त्याच्याकडे बघत होता, बाकीचे चौघे डोळ्यांच्या कोपऱ्यातून. थॅडियसने फळीवरून नजर फिरवली, घाई न करता, जशी पुढची अशर आपल्या जणींवरून फिरवते. छातीवरचा हात खाली सोडला.

मिस अर्नेस्टीनने नकळत एक श्वास घेतला.

पाचही गडी एकदम उसळले. चेंडू मागे आला, पुढे गेला, आणि धावणाऱ्या गड्याच्या ओंजळीत अलगद उतरला.

“व्हर्डेल,” ती म्हणाली, “मासा जळतोय, बघ.” आणि कढई सोडून पुढे आली.

हात, श्वास, पाऊल. भोंगे डोकं उठवत होते आणि त्या गोंधळात ती अकरा माणसं जणू वेगळ्या, शांत खोलीत चालत होती. दहा यार्ड, मग बारा, मग पुन्हा. मैदानाचं दुसरं टोक दिसायला लागलं. उतारावरचे लोक उभे राहिले. हचिन्सनी वर हात केला आणि भोंगे बंद झाले. शेवटचा टप्पा तसाच खेळा, असं त्यांनी सांगितलं.

आता खरी पंचाईत झाली. भोंगे थांबले पण लोक थांबेनात. गावचा पोर, सगळा उतार थॅड थॅड म्हणून गर्जायला लागला. आणि पलीकडच्या फळीतला एक हुशार गडी एव्हाना तो हात ओळखून बसला होता. थॅडियसचा हात खाली गेला की तोही एक श्वास मोजायचा आणि चेंडू हलताच निघायचा. पुढच्या चालीला तो सरळ आत घुसला, लाल जर्सीला हात लावायचा नाही म्हणून समोर येऊन थांबला आणि दात काढून हसला. चाल फुकट गेली. त्याच्या पुढच्या चालीलाही तेच. मोजून मिळालेल्या चालींतली एकच उरली. हाताची खूण आता चालणार नव्हती. तोंडानेच बोलायला हवं होतं, आणि त्या गळ्यातलं लोकांच्या गर्जनेत काय ऐकू येणार.

थॅडियसने एकदा उताराकडे बघितलं. पहिल्या रांगेत, जिथे खुर्ची असायची तिथे. जागा रिकामी होती.

मिस अर्नेस्टीनने डोक्यावरची उसनी टोपी काढून व्हर्डेलच्या हातात दिली. उताराच्या मधोमध, लोकांना कोपरांनी बाजूला करत, ती उतरली आणि आपल्या जागेवर जाऊन उभी राहिली. मैदानाकडे पाठ, लोकांकडे तोंड. डावा हात पाठीवर, उजवा हात उंच, तळवा बाहेर.

स्टॉलवरच्या अशर बायकांनी ते पाहिलं. चाळीस वर्षांची सवय, कोणी कोणाला विचारलं नाही. हातातले चिमटे, पाव, सॉसच्या बाटल्या खाली ठेवून त्या उतारावर पांगल्या, प्रत्येकीने आपापली वाट धरली, आणि प्रत्येकीचा हात वर गेला. एलमोरमधला जवळजवळ प्रत्येक माणूस कधी ना कधी त्या हाताखाली गप्प बसला होता. पुढच्या रांगा शांत झाल्या. मग मधल्या. मागे कोणीतरी शिट्टी वाजवत होता, त्याच्याकडे मिस अर्नेस्टीनने नुसतं पाहिलं. शिट्टी त्याने खिशात घातली.

इतकं शांत झालं, की पाइनच्या झाडांतले किडे ऐकू यायला लागले.

“निळा अठरा,” थॅडियस म्हणाला. घोगरा, हळू आवाज, प्रार्थनेच्या आधी चर्चचा सेवक, डीकन, घसा साफ करून बोलतो तसा. पण प्रत्येक शब्द उतारापर्यंत पोचला. त्याची फळी निवांत ओणवी. पलीकडच्या फळीने ऐकण्यासाठी जिवाचा कान केला, अंग पुढे झोकलं, तो हसणारा गडी तर चवड्यांवर आला.

“निळा अठरा,” तो पुन्हा म्हणाला, आणखी हळू.

आणि मग, चर्चमागच्या रानात मिस अर्नेस्टीनने जसा पोटातून काढून दाखवला होता, अगदी तसा, एकच, फाटका, रानटी आवाज.

“हट.”

त्याच्या स्वतःच्या फळीतला एकही गडी हलला नाही, कारण थॅडियसचा हात छातीवरून खाली गेलाच नव्हता. पिंकनीने चेंडूवरचं बोटसुद्धा उचललं नाही. पलीकडचे चारजण मात्र बंदूक उडाल्यासारखे पुढे झेपावले, आणि चेंडू जागच्या जागी. तो हसणारा गडी पिंकनीच्या अंगावर जाऊन आपटला आणि बसला. शिट्टी वाजली. चूक पलीकडच्यांची, पाच यार्ड पुढे.

आधी पिंकनी हसला. मग हचिन्स, ज्यांना हसताना एलमोरमध्ये कोणी पाहिलं नव्हतं. मग तो खाली बसलेला गडीही. रेनफ्रोने कडेला उभं राहून टाळ्या वाजवल्या. उतारावर कोणी हसलं नाही, कारण मिस अर्नेस्टीनचा हात अजून वर होता.

राहिलेली चाल सोपी होती. चेंडू कोपऱ्यात गेला, गड्याने तो छातीशी धरला, दोन्ही पाय रेषेच्या आत. लोकांच्या चेहऱ्यांवर ते दिसलं, तेव्हा कुठे तिने हात खाली सोडला. सगळ्या उताराने एक श्वास घेतला, आणि मग जो आवाज झाला तो भोंग्यांनाही जमला नसता.

सामना संपल्यावर पिंकनी कुंपणापाशी आला, घामाने निथळत. ओसरीत आम्ही तेच करत होतो, तो म्हणाला. रविवारी चर्चमध्ये बघितलं आणि थॅडला विचारलं, बारा बायका न बोलता एकदम कशा चालतात. आमच्याकडे पाचजणांना ते जमत नाही. मिस अर्नेस्टीनने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. चर्चमध्ये लोक देवाकडे बघतात, तू आमच्या पायांकडे बघत होतास तर, असं म्हणाली. पण आवाज मऊ होता, आणि तो तिलाच नवा वाटला.

थॅडियस अजून मैदानाच्या मधोमध होता. हचिन्सनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला होता आणि ते काही सांगत होते, बराच वेळ. थॅडियस मान हलवत होता. मग पेपरवाल्यांनी त्याला घेरलं, त्यात तो मयताबद्दल लिहिणाराही होता, चांगला पुढे, कान थॅडियसच्या तोंडाशी नेऊन.

त्या घोळक्यातून, माणसांच्या डोक्यांवरून, थॅडियसने उताराकडे पाहिलं. पहिल्या रांगेत आजी उभी होती. त्याला तिथवर येता येत नव्हतं, आणि ओरडायची तर काही गरजच नव्हती. त्याने डावा हात पाठीवर घेतला आणि उजव्या हाताचं एक बोट छातीवर ठेवलं.

मिस अर्नेस्टीनने ते बोट पाहिलं आणि पापणीसुद्धा हलवली नाही. ती हलवली असती तर डोळ्यांतलं खाली आलं असतं, आणि ते तिने भर उतारावर होऊ दिलं नसतं.

“कोणासाठी जागा विचारतोय तो?” व्हर्डेलने टोपी परत डोक्यावर चढवत विचारलं.

“विचारत नाही गं,” मिस अर्नेस्टीन म्हणाली. “मिळाली म्हणतोय.”

मग ती स्टॉलकडे वळली. कढईतला मासा खरंच जळला होता, तो तिने बाजूला टाकला आणि नवीन सोडला. रविवारच्या पीच पायसाठी कोणकोणती पीच घ्यायची ते व्हर्डेलला सांगितलं, आणि पिंकनीला यायला सांग म्हणाली. या वेळी त्याला नीट तुकडा कापायचा होता.